फुल्ल रेंज आहे, तरी नेट का नाही?

घरात नवा कॉम्प्युटर आला की पहिल्याच संध्याकाळी दोन प्रश्न हमखास निघतात. एक : 'हे वायफायला जोडायला माणूस बोलवावा लागतो का?' आणि दुसरा, थोड्या वेळाने, जरा वैतागून : 'अहो, इथे रेंज फुल्ल दिसतेय, मग नेट का चालत नाही?'

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं : नाही. दहावीतला मुलगा किंवा सत्तरीतली आजी, कोणीही हे काम करू शकतं. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र हे सगळं प्रकरण लागणार आहे, कारण त्यातच वायफायची खरी समजूत दडलेली आहे.

१. टाकी आणि नळ

तुमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकीतून स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत पाइप आलेला आहे. हा पाइप ठणठणीत असला, नळही नवाकोरा असला, तरी महापालिकेचं पाणी टाकीत चढलंच नसेल तर नळ कोरडाच राहणार. प्लंबरला बोलावून नळ कितीही वेळा बदला.

इंटरनेटचंही असंच आहे. कॉम्प्युटर ते राउटर ही एक जोडणी. ती घरातली, बिनतारी, तिचंच नाव वायफाय. राउटर ते बाहेरचं जग ही दुसरी जोडणी. ती खांबावरून किंवा डक्टमधून आलेल्या फायबरच्या तारेतून होते. स्क्रीनच्या कोपऱ्यातली पंख्यासारखी खूण मुख्यतः पहिल्या जोडणीबद्दल सांगते. ती भरलेली दिसते याचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटरला राउटरचं बोलणं स्वच्छ ऐकू येतंय. राउटरकडे सांगण्यासारखं काही आहे का, हे त्या खुणेतून कळत नाही.

फायबरच्या जोडणीत तारेतून प्रकाश येतो. त्या प्रकाशाचे विद्युत संकेत करणाऱ्या डबीला ओएनटी म्हणतात. त्यापुढे राउटर लागतो, जो ते संकेत घरभर वाटतो. हल्ली पुष्कळ घरांत ही दोन्ही कामं एकच पांढरी डबी करते, म्हणून आपण तिला सरसकट राउटर म्हणतो. कामं दोन आहेत एवढं लक्षात ठेवा. शेवटच्या भागात ते उपयोगी पडेल.

२. कॉम्प्युटरला कान आहेत का?

लॅपटॉप घेतला असेल तर हा भाग सोडून द्यायला हरकत नाही. वायफायचा अँटेना त्याच्या आतच असतो. डेस्कटॉपचं तसं नाही. जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये वायफायची सोय असेलच असं नाही, आणि दुकानदार ते आपणहून सांगेलच असंही नाही. विकत घेतानाच विचारून घ्यावं.

सोय असूनही कधी कधी ऐकू येत नाही. माझ्या मावशीकडे नवा डेस्कटॉप आला, तेव्हा राउटर जेमतेम चार पावलांवर असूनही रेंजची एकच कांडी दिसत होती. मागच्या बाजूला पितळी रंगाचे दोन छोटे आटे होते, उघडेच. मदरबोर्डच्या खोक्यात शोधलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन अँटेना जसेच्या तसे पडलेले होते. ते हाताने फिरवून बसवले आणि रेंज लगेच भरली. डेस्कटॉपचा डबा लोखंडी पत्र्याचा असतो, त्यामुळे लहरी आत पोचत नाहीत. कान बाहेर काढावेच लागतात.

वायफायची सोयच नसेल तर यूएसबीला लावायचा डोंगल मिळतो. तो घेताना दोन गोष्टी पाहा. खोक्यावर नुसतं '१५०' लिहिलेला नखाएवढा डोंगल बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतो. ५ गिगाहर्ट्‌झचं नावसुद्धा त्याला दिसत नाही. याचा अर्थ काय ते पुढे येईलच. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. निळ्या रंगाच्या वेगवान यूएसबी पोर्टमधून आणि त्याला लावलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कमधून नेमक्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओचा गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर माहिती प्रसिद्ध केली होती. म्हणून डोंगल काळ्या पोर्टला लावावा, नाहीतर हातभर लांबीची यूएसबी वायर घेऊन तो टेबलावर आणून ठेवावा.

कधी कधी पेच वेगळाच असतो. डोंगल चालायला ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर लागतं, ते उतरवायला नेट लागतं, आणि नेट यायला डोंगल! यातून सुटका खिशातच आहे. मोबाइल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. कॉम्प्युटरला मोबाइलचं नेट मिळतं, ड्रायव्हर उतरतो, मग वायर काढून टाका.

आणि एक मत स्पष्टच सांगतो. डेस्कटॉप राउटरच्याच खोलीत कायमचा बसणार असेल तर वायफायच्या भानगडीत पडू नका. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' लिहिलेली इथरनेटची तार आणा, एक टोक राउटरच्या 'लॅन' पोर्टमध्ये, दुसरं कॉम्प्युटरमध्ये खटकन बसवा. ही तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते, तिला भिंतीची अडचण नाही, शेजाऱ्याच्या राउटरचा त्रास नाही आणि पासवर्डही नाही. हलणाऱ्या यंत्राला हवा, बसून राहणाऱ्या यंत्राला तार, असा माझा हिशेब आहे.

३. चार पासवर्ड

जोडणी अडते ती बहुतेक वेळा इथे. 'पासवर्ड टाका' म्हटलं की माणूस विचारतो, कोणता? त्याचं विचारणं बरोबर आहे, कारण घरात निदान चार पासवर्ड नांदत असतात.

पहिला कॉम्प्युटर उघडण्याचा. दुसरा वायफायचा, जो आपल्याला आत्ता हवा आहे. तिसरा राउटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. चौथा नेट देणाऱ्या कंपनीने तुमच्या खात्याला दिलेला. तो काही घरांत राउटरमध्ये एकदा भरून ठेवलेला असतो आणि पुन्हा विचारला जात नाही.

राउटर उलटा करून पाहा. तळाशी एक चिकटपट्टी असते. तिच्यावर एसएसआयडी लिहिलेलं असतं ते तुमच्या वायफायचं नाव, आणि त्याखाली 'की' किंवा 'पासवर्ड' म्हणून असतो तो वायफायचा. त्याच पट्टीवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा आकडा आणि त्यासोबत 'ॲडमिन' असं काही असेल, तर तो तिसऱ्या पासवर्डचा मामला आहे. तो इथे टाकून उपयोग नाही. केबलवाल्याने बसवताना पासवर्ड बदलला असेल तर पट्टीवरचा चालणार नाही. अशा वेळी आधीच जोडलेला मोबाइल कामाला येतो : त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच मोबाइलवर त्याच्याखाली पासवर्डही वाचता येतो.

टाकताना लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी एल यांची गल्लत तर रोजची.

४. त्या पाच सेकंदांत

पासवर्ड टाकून 'कनेक्ट' दाबलं की पाचेक सेकंद चक्र फिरतं. त्या वेळात जे घडतं ते मला फार सुंदर वाटतं.

आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर पासवर्ड राउटरला पाठवतो आणि राउटर तो तपासतो. तसं केलं असतं तर जिन्यात बसलेल्या कोणालाही तो हवेतून पकडता आला असता. प्रत्यक्षात पासवर्ड हवेतून जातच नाही. मग ओळख पटते कशी? छोट्या आकड्यांचं उदाहरण घेऊ.

समजा, घरातला गुप्त आकडा ७ आहे. तो राउटरलाही माहीत आहे आणि तुम्ही टाइप केल्यामुळे कॉम्प्युटरलाही. राउटर मोठ्याने एक आकडा सांगतो : ३८. कॉम्प्युटर आपल्या मनाने दुसरा सांगतो : ५१. दोघंही आपापल्या जागी बेरीज करतात, ८९ येते. तिला गुप्त आकड्याने गुणतात, ६२३ होतात. कॉम्प्युटर फक्त शेवटचा अंक कळवतो : ३. राउटर आपल्या उत्तराशी ताडून पाहतो. जुळला, म्हणजे समोरच्याला ७ माहीत आहे. सातचा उच्चार कोणीही केला नाही, तरी खात्री पटली. पुढच्या वेळी ३८ आणि ५१ ऐवजी दुसरेच आकडे येतील, त्यामुळे आजचा ३ उद्या कामाचा नाही.

खऱ्या व्यवहारात आकडे प्रचंड असतात. शिवाय तुमचा पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र करून ते मिश्रण ४,०९६ वेळा मळलं जातं. मळलेल्या कणकेतून जसं पीठ आणि पाणी पुन्हा वेगळं काढता येत नाही, तसा त्यातून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. ही डब्ल्यूपीए२ नावाची रीत २००४ पासून आहे आणि आजही असंख्य घरांत तीच चालते.

ओळख पटली की दुसरं काम. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला टोकन मिळतं, तसा राउटर कॉम्प्युटरला एक क्रमांक देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. मोबाइलला ४ मिळाला असेल, टीव्हीला ३. आता कोणासाठी आलेलं पान कोणाला द्यायचं ते राउटरला समजतं. हा क्रमांक फक्त घरापुरता असतो. प्रत्येक इमारतीत फ्लॅट नंबर पाच असतो आणि त्याने पोस्टमनचा गोंधळ होत नाही, कारण बाहेरच्या जगाला सोसायटीचा पत्ता ठाऊक असतो. तुमच्या घराचा बाहेरचा पत्ता राउटर सांभाळतो.

टोकनसोबत राउटर आणखी एक गोष्ट देतो : नावांवरून आकडे शोधून देणाऱ्या यंत्राचा पत्ता. तुम्ही संकेतस्थळाचं नाव टाइप करता, पण नेटवरची यंत्रं एकमेकांना आकड्यांनी हाक मारतात. मोबाइलच्या कॉन्टॅक्टमध्ये 'दादा' दाबलं की नंबर लागतो, तसंच हे. याला डीएनएस म्हणतात.

एवढं झालं की चक्र थांबतं.

५. मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून का नको

वरच्या उदाहरणात एक खोट होती, ती तुमच्या लक्षात आली असेल. चोरून ऐकणाऱ्याला ३८, ५१ आणि ३ हे तिन्ही आकडे कळले. घरी जाऊन त्याने १ पासून ९ पर्यंत प्रत्येक अंक घालून पाहिला, तर फक्त ७ लाच गणित जुळतं. डब्ल्यूपीए२ ची कमजोरी नेमकी हीच आहे. बोलणं एकदा टिपून नेलं की घरी निवांत अंदाज बांधता येतात, आणि राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे वायफायला मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवायची फार सवय आहे. हिशेब करू. भारतातला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो आणि पुढे नऊ अंक. म्हणजे शक्यता ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा. पण खेळांसाठी घेतलेलं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड सहज पडताळतं. ४०० कोटी भागिले १० लाख म्हणजे ४,००० सेकंद. सव्वा तासाच्या आत काम फत्ते!

आता दुसरी रीत. साध्या दोन हजार मराठी शब्दांतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द उचला, समजा कंदील, विहीर, सांडशी, पाऊस, गुळवणी, आणि रोमन अक्षरांत सलग टाइप करा. हेच शब्द घेऊ नका. ते आता छापले गेले. शक्यता होतात ३२ च्या पुढे पंधरा शून्यं. त्याच वेगाने त्या सगळ्या तपासायला हजार वर्षांहून जास्त लागतील, आणि तुम्हाला मात्र ते दोन दिवसांत पाठ होतील. विचित्र चिन्हांची खिचडी केलेल्या आठ अक्षरी पासवर्डपेक्षा मला हा मार्ग कधीही पसंत आहे, कारण तो पाहुण्यांना तोंडी सांगता येतो.

राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही नवे असतील तर सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ निवडा. २०१८ मध्ये आलेल्या या रीतीत घरी नेऊन अंदाज बांधायची वाट बंद केली आहे. प्रत्येक अंदाज राउटरसमोरच करून पाहावा लागतो.

राउटरवरच्या डब्ल्यूपीएस बटणाबद्दल सावध राहा. त्याच सोयीचा एक आठ अंकी पिन असतो. आठ अंक म्हणजे खरं तर दहा कोटी शक्यता. पण पहिले चार अंक बरोबर आहेत का हे राउटर वेगळं सांगून टाकतो, आणि आठवा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो. म्हणजे आधी १०,००० आणि मग १,००० असे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही फट २०११ मध्ये उघड झाली. पिनची ही सोय बंदच करून ठेवा. तिसरा पासवर्ड 'ॲडमिन'चा 'ॲडमिन'च असेल तर तोही त्याच बैठकीत बदला.

६. एकाच घराची दोन नावं

यादीत तुमच्या वायफायचं नाव दोनदा दिसू शकतं, एकाला '५जी' अशी शेपटी लावून. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. एक वाट २.४ गिगाहर्ट्‌झची, दुसरी ५ गिगाहर्ट्‌झची. पहिलीच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारे सहा. लांब लहर भिंतीतून बरी निभावते, पण तिची वाट अरुंद आणि गर्दीची. आखूड लहर वेगवान, पण दोन भिंती आल्या की दमते. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ घ्या, मधे दोन खोल्या असतील तर २.४.

गर्दीचं म्हणाल, तर २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ क्रमांकाचे चॅनेल आहेत. ते एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्‌झवर, पण प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढलेले. पूर्ण सुटे असे तीनच जमतात : १, ६ आणि ११. वायफायची यंत्रं बोलण्याआधी कान देतात, कोणी बोलत असेल तर थांबतात. दोन शेजारी ६ वरच असले तर पाळीपाळीने बोलतात. पण कोणी ६ वर आणि कोणी ४ वर असेल, तर एकाला दुसऱ्याचं बोलणं नुसता कलकलाट वाटतो आणि दोघांचंही बिघडतं. म्हणून 'मधला रिकामा' चॅनेल शोधू नका. या तिघांपैकीच एक घ्या.

७. राउटर कुठे ठेवायचा

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. भिंत लहरींना अडवत नाही, थकवते. विटांची कमी, लोखंडी सळ्यांचा स्लॅब जास्त, जुन्या वाड्यांच्या हातभर जाडीच्या दगडी भिंती आणखी जास्त. लोखंडी कपाट आणि आरसा तर लहरी परतवूनच लावतात.

परतलेल्या लहरींचा त्रास वेगळा. रिकाम्या सभागृहात बोललं की घुमतं, शब्दावर शब्द चढतात. खोलीत रेडिओ लहरींचंही तसंच घुमतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ'सलिव्हन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह यावर उपाय शोधला : एका घाईच्या बोलण्याऐवजी अनेक सावकाश बोलणी वेगवेगळ्या सुरांत एकाच वेळी पाठवायची. सावकाश बोललं की प्रतिध्वनीने शब्द बुडत नाहीत. आजच्या वायफायच्या वेगामागे हीच कल्पना आहे.

तरीही टीव्हीच्या शोकेसमागे, माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर राउटर ठेवू नये. घराच्या मध्याजवळ, खांद्याच्या उंचीवर, उघड्यावर असावा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेतसुद्धा पोचणारी शक्ती चौथाईवर येते, त्यामुळे राउटर दोन मीटर सरकवल्याचाही फरक पडतो.

वेग मोजताना एक भागाकार करा. '१०० एमबीपीएस'चा प्लॅन म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. एक जीबीची फाइल उतरायला ऐंशी सेकंद लागले तर तुम्हाला पुरेपूर वेग मिळतोय. कोणी फसवलेलं नाही.

८. नळ कोरडा का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. रेंज फुल्ल, नेट नाही. घाईघाईने कंपनीला फोन लावायच्या आधी क्रमाने बघा.

आधी मोबाइल त्याच वायफायवर ठेवून, त्याचा मोबाइल डेटा बंद करून पान उघडून पाहा. डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर मोबाइल गुपचूप सिमचं नेट वापरेल आणि तुमची दिशाभूल होईल. मोबाइलवरही नेट नसेल तर टाकीच रिकामी आहे. ओएनटीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. कुठेतरी तार तुटली आहे किंवा दुमडली आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. फोनवर 'एलओएस लाल आहे' एवढं सांगा, पुढचे अर्धे प्रश्न वाचतात. दिवे ठीक असतील तर राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दोन मिनिटं वाट पाहा.

मोबाइलवर नेट असेल तर गडबड कॉम्प्युटरची. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'आयपीव्ही४' पुढचा आकडा वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून टोकन मिळालेलंच नाही, कॉम्प्युटरने आपल्या मनाने क्रमांक लिहून घेतला आहे. वायफायचं नाव 'फरगेट' करून पुन्हा जोडा.

आकडा १९२.१६८ वाला आहे, एखादं मेसेजचं ॲप चालतंय, पण जे संकेतस्थळ उघडावं तिथे 'सुरक्षित नाही' असा लाल इशारा येतो? मग स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल उतरला असेल तर कॉम्प्युटर काही वर्षं मागे गेलेला असतो. संकेतस्थळं आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतात, त्याला मुदतीच्या तारखा असतात, आणि मागे राहिलेल्या कॉम्प्युटरला ते प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं दिसतं. तारीख आणि वेळ नीट करा, पान पुन्हा उघडा. आणि पुढच्या बाजारहाटात सीआर२०३२ नावाचा एक सेल घेऊन या.